वऱ्हाडचा मक्ता आणि भारताची राज्यघटना

दरवर्षी २६ नोव्हेंबर उजाडला की अमरावती-अकोल्याच्या शाळांतून व कचेऱ्यांतून राज्यघटनेच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते. ‘आम्ही भारताचे लोक’ ह्या शब्दांनी त्याचा आरंभ होतो. मुले मोठ्याने म्हणतात, मास्तर त्यांच्याबरोबर म्हणतात, आणि अर्ध्या घटकेत समारंभ आटोपून जो तो आपापल्या कामास लागतो. ह्यात वावगे काहीच नाही. परंतु जो शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो, तो ‘आम्ही’ हा शब्द वऱ्हाडच्या माणसास किती उशिरा व किती कष्टाने मिळाला, ह्याची आठवण त्या समारंभात कोणी करून देत नाही, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. इतर प्रांतांतील लोक परक्याच्या राज्यातून स्वराज्यात आले. वऱ्हाडचे लोक मात्र एका मक्त्यातून बाहेर पडून स्वराज्यात आले, आणि ह्या दोहोंत फरक आहे. तो फरक समजल्यावाचून घटनेचे मोल आमच्या भागात तरी नीट समजणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हकीकत जुनी आहे, पण विसरण्यासारखी नाही. हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने कंपनी सरकार एक फौज बाळगीत असे. तिचा खर्च तुंबत गेला, निजामावर कर्ज चढले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख त्या खर्चाच्या भरपाईसाठी लॉर्ड डलहौसी ह्यांच्या सरकारच्या हवाली झाला. १८६० साली रायचूर व धाराशिव निजामास परत मिळाले. वऱ्हाड तेवढे राहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, तिकडील कापूस बंद झाला, आणि आमच्या काळ्या जमिनीतील कापसाकडे विलायतेतील गिरण्यांचे डोळे लागले. असला मुलूख हातचा सोडावा असे कोणत्या सरकारास वाटेल? अखेर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन ह्यांच्या कारकीर्दीत नवा करार होऊन, सालीना २५ लाख रुपये निजामास देण्याच्या बोलीने वऱ्हाड इंग्रज सरकारने कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि १९०३ साली ते मध्यप्रांतास जोडून टाकले. आमच्या शेतकऱ्यांच्या भाषेत ह्याला मक्ता म्हणतात. शेताचा मक्ता ठरतो तेव्हा मालक व मक्तेदार बोलतात. शेतास कोणी काही विचारीत नाही. वऱ्हाडातील लाखो माणसांस त्या दिवशी शेताहून अधिक किंमत नव्हती.

कोणी म्हणेल, ही कागदावरची गोष्ट. रयतेला त्याचे काय? परंतु व्यापाऱ्यास तरी कागदाचे महत्त्व सांगावयास नको. गहाणखत आणि खरेदीखत ह्यांत अक्षरे थोडीच बदलतात, पण घर कोणाचे हे त्यावरच ठरते. वऱ्हाड कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश मुलूख नव्हता. म्हणून हिंदुस्थानातील कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते सरकारी जाहिरनाम्याने लागू करावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्यप्रांताच्या कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी जाऊ लागले, तेव्हा तर मोठीच गंमत झाली. येथील मतदार त्यांस निवडून देत, परंतु परक्या मुलखातील माणसास निवडणुकीने कौन्सिलात घेता येत नाही म्हणून, निवडून आलेल्या ह्या गृहस्थांची सरकार पुन्हा ‘नेमणूक’ करी. लोकांनी दिलेले मत पुरेसे नसून त्यावर सरकारी कृपेचा शिक्का बसला तरच ते चालेल, असा तो प्रकार होता. आमच्या आजोबा-पणजोबांनी मते दिली ती अशा रीतीने.

ह्या कथेतील सर्वांत बोधप्रद प्रसंग १९२३ सालचा आहे. निजाम मीर उस्मान अली ह्यांनी त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग ह्यांस पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. आणि ते परत मिळाल्यास वऱ्हाडच्या लोकांस जबाबदार राज्यपद्धतीची घटना देऊ, असे त्यात आश्वासन दिले. म्हणजे वऱ्हाडास ‘घटना’ मिळण्याची गोष्ट दिल्लीत घटना समिती बसण्याच्या दोन तपे आधीच निघाली होती! ती चांगलीही असती कदाचित. पण ती कोण देणार? निजाम. कोणास विचारून? लॉर्ड रेडिंग ह्यांस. रेडिंगसाहेबांनी १९२६ साली ही मागणी साफ नाकारली, तीही वऱ्हाडच्या लोकांच्या इच्छेखातर नव्हे, तर सार्वभौम सत्तेचा शब्द अखेरचा असतो ह्या तत्त्वाखातर. पुढे १९३६ च्या करारात तर वऱ्हाडवरील निजामाची मालकी पुन्हा मान्य झाली, त्यांच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, आणि कारभार मात्र पूर्वीप्रमाणेच मध्यप्रांताबरोबर चालू राहिला. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. परंतु दानात आलेल्या घटनेचे दात मोजण्याचा अधिकार नसतो, हेच तिचे मुख्य वैगुण्य होय. जो देतो तो परत घेऊ शकतो. दिलेला हक्क हा मक्ताच असतो, मग देणारा निजाम असो, इंग्रज असो, की आपल्यातीलच कोणी असो.

आता ह्याच्याशी दिल्लीतील घटना समितीचे काम ताडून पाहावे. ९ डिसेंबर १९४६ रोजी तिची पहिली बैठक भरली. तीत मध्यप्रांत व वऱ्हाडच्या वाट्यास १७ जागा आल्या होत्या. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे ह्या प्रांताच्या सभासदांत होते. एक शेतकऱ्याच्या घरी पापळ गावी जन्मून ऑक्सफर्डास विद्या संपादून आलेला, दुसरा मारवाडी समाजात वाढून वऱ्हाडच्या राजकारणात मुरलेला. दोघेही कोणाच्या नेमणुकीने नव्हे, तर प्रांतिक असेंब्लीच्या मतांनी तेथे गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रजी सत्ता संपली, तेव्हा वऱ्हाडविषयीच्या जुन्या करारांचा आधारही तिच्याबरोबर गेला. त्या सुमारास हैदराबादकडून वऱ्हाडवरील हक्काची भाषा पुन्हा ऐकू आली होती. परंतु ह्या वेळी वऱ्हाड ही दोन दरबारांमधील देवघेवीची वस्तू राहिली नव्हती. तिचे प्रतिनिधी स्वतः घटनेची कलमे घडविण्यास बसले होते.

आणि ही कलमे त्यांनी निमूटपणे घडविली नाहीत. मसुदा समितीची नेमणूक २९ ऑगस्ट १९४७ रोजी झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले, आणि मसुदा पुढे आल्यावर त्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या. पैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आमच्या प्रांताचे सभासद ह्यात मागे नव्हते. काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये अशी दुरुस्ती मांडली की, योग्य कारणावाचून कोणाच्या अंगाची, घराची वा कागदपत्रांची झडती घेतली जाऊ नये. डॉ. आंबेडकर ती स्वीकारण्यास तयार होते, तरी सभागृहाने ती मंजूर केली नाही. परंतु सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, तेव्हा सत्तर वर्षे होत आलेल्या त्या चर्चेचा त्यांस विचार करावा लागला. ह. वि. कामत ह्यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी सूचना आणली. तीवर मते घेतली गेली. ४१ बाजूने व ६८ विरुद्ध पडली. ईश्वराविषयी त्या सभेत अश्रद्धा होती असे नव्हे. परंतु ज्या कागदावर सर्वांनी सही करावयाची, त्यावर एकाच्या श्रद्धेचे नाव दुसऱ्यावर लादू नये, हा विवेक त्या ६८ मतांत होता, आणि तो आम्हांस आजही शहाणपणाचा वाटतो.

खुद्द पंजाबरावांचे उदाहरण तर अधिकच विचार करण्यासारखे आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर बोलताना, ह्या मसुद्याने भारताचे नागरिकत्व फारच स्वस्त केले आहे असा आक्षेप त्यांनी घेतला, आणि जगात कोठेही असलेल्या हिंदू व शीख मनुष्यास, तो दुसऱ्या देशाचा नागरिक नसल्यास, येथील नागरिकत्व मिळावे अशी दुरुस्ती सुचविली. सभेने ती नाकारली. धर्मावरून नागरिक ठरवू नये ह्या मताचे आम्ही असल्यामुळे सभेने ती नाकारली हे योग्यच झाले, असे आम्ही पंजाबरावांविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणतो. परंतु लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ज्यांची सूचना फेटाळली गेली, ते पंजाबराव रुसून बसले नाहीत. त्याच घटनेखाली झालेल्या पहिल्या निवडणुकीत ते अमरावतीहून लोकसभेवर गेले आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रीय मंत्रिमंडळात राहून त्यांनी शेतकऱ्यांचे काम केले. जी वस्तू भांडून, हरून, जिंकून, पुन्हा एकत्र बसून तयार होते ती दान नसते. ती सर्वांच्या मालकीची असते, हरलेल्याच्याही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फियास तयार झाली, आणि नंतर १३ संस्थानांपैकी किमान ९ संस्थानांतील लोकनियुक्त सभांनी ती मान्य करावी अशी अट तीत होती. त्याप्रमाणे १७८८ साली ती मान्य झाली. आपल्याकडे असे काही झाले नाही. घटना समितीचे सभासद ज्या असेंब्ल्यांनी निवडले, त्या असेंब्ल्यांच्या निवडणुकीत प्रौढांपैकी सुमारे चौथाईहून थोड्या अधिक लोकांसच मताधिकार होता; मालमत्ता, कर किंवा शिक्षण ह्यांवर तो ठरे. मजूर, कूळ आणि बहुतेक स्त्रिया त्याच्या बाहेर होत्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेने घटना स्वीकारली, २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी सह्या केल्या, आणि २६ जानेवारीस ती अमलात आली. मध्यंतरी गावोगाव जाऊन ‘ही तुम्हांस मान्य आहे काय?’ असे कोणी विचारले नाही. मग ‘आम्ही भारताचे लोक’ हे म्हणणे खरे कसे?

हा आक्षेप पोकळ नाही. परंतु त्याचे उत्तर घटनेतच आहे. ज्या सभेस मर्यादित मताधिकाराने जन्म दिला, त्या सभेने ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत दिले आणि स्वतःस जन्म देणारी ती जुनी चौकट मोडून टाकली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार नोंदले गेले. ह्या घटनेस विरोध करणारेही त्या निवडणुकीस उभे राहिले, आणि त्यांस तसे उभे राहता आले. ही मान्यता एका दिवसाच्या मतदानाहून हलकी मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आणि योगायोग असा की, ज्या निजामांनी १९२३ साली वऱ्हाडास घटना ‘देऊ’ केली होती, त्याच निजामांनी २३ नोव्हेंबर १९४९ रोजी फर्मान काढून भारताची घटना हीच हैदराबाद संस्थानची घटना राहील असे जाहीर केले. छब्बीस वर्षांत देणारा घेणारा झाला. मक्त्याचा कागद त्या आठवड्यात खऱ्या अर्थाने फाटला, असे आम्ही समजतो.

तथापि कागद फाटला म्हणून सवय सुटते असे नाही, आणि आमचे खरे म्हणणे येथूनच सुरू होते. घटनेतील हक्क दिल्लीहून टपालाने आले असा समज असेल तर तो सोडावा. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्य मानलेल्या बांधवांची परिषद भरली. अंबादेवीच्या देवळाचे दार आपल्यालाही उघडावे, हा तिच्यापुढील मुख्य प्रश्न होता. पंजाबराव त्या चळवळीच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढे जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष असताना सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्या दिवशी ह्या गोष्टींस कोणत्याही घटनेचा आधार नव्हता. बावीस वर्षांनी १५ व्या कलमात विहिरी, तलाव व स्नानघाट आले, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली, २५ व्या कलमाने हिंदूंची सार्वजनिक देवळे सर्व वर्गांस खुली करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे ही कलमे अमरावतीच्या व महाडच्या रस्त्यांवर आधी लिहिली गेली व दिल्लीच्या कागदावर मागाहून. त्याच अमरावतीत जन्मलेले न्यायमूर्ती भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले, हे त्या कलमांचे फळ म्हणून आम्ही अभिमानाने सांगतो. मात्र एका माणसाने गाठलेले शिखर म्हणजे सर्वांस मिळालेली पायवाट नव्हे, ही जाणीवही आम्ही सोडीत नाही. राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात व संसारात मात्र उच्चनीच, ह्या विसंगतीत हे राष्ट्र प्रवेश करीत आहे व ती लवकर दूर न केल्यास हा सारा डोलारा धोक्यात येईल, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी घटना मंजूर होण्याच्या आदल्या दिवशी दिला होता. तो कालबाह्य झाला असे कोण म्हणेल?

दुसरे उदाहरण आपल्या प्रदेशाचेच घेऊ. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यास आठवडा उरला असता, अकोल्यास मराठी पुढाऱ्यांचा करार झाला. संयुक्त प्रांत झाला तर महाविदर्भास स्वतंत्र उपप्रांत, वेगळे कायदेमंडळ व मंत्रिमंडळ असावे, असे त्यात ठरले. पुढे २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ व्या कलमात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र ह्यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आली. विकासखर्चाची न्याय्य वाटणी, तांत्रिक शिक्षणाची व नोकऱ्यांची पुरेशी सोय, आणि मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे, हे त्यातील मर्म होय. कलम घटनेत आले १९५६ साली. मंडळे स्थापन झाली १९९४ साली. मध्ये ३८ वर्षे गेली. प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या समितीने १९८४ साली अनुशेष मोजून पुढे ठेवला, तेव्हा कोठे ह्या मागणीस आकड्यांचे बळ आले. पुढे ३० एप्रिल २०२० रोजी ह्या मंडळांची मुदत संपली व ती त्या वेळी वाढविली गेली नाही. त्या दिवशी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारपेठेत किती जणांस ही गोष्ट ठाऊक होती? ज्या पेढीवर पाच रुपयांची खतावणी चुकली तर दिवाणजी रात्र जागवितो, त्या पेढीच्या मालकास आपल्या नावावरील घटनात्मक येणे बुडीत जात असल्याचा पत्ता नसावा, हे आश्चर्य की लाज, हे वाचकांनीच ठरवावे. सरकारास आम्ही दोष देऊ, आणि तो द्यावयासच हवा. परंतु ज्याने आपला कागद कधी वाचलाच नाही, त्याचे येणे दुसऱ्याने आठवणीने आणून द्यावे, ही अपेक्षा मालकाची नव्हे. मक्त्यात वाढलेल्या मनाची आहे.

‘सरकार काय देणार?’ हा आमच्या चावडीवरचा व दुकानाच्या ओट्यावरचा नित्याचा प्रश्न झाला आहे. हा प्रश्न निजामाच्या काळी योग्य होता, इंग्रजांच्या काळी क्षम्य होता. ज्यांनी घटना स्वतःच स्वतःस अर्पण केली, त्यांच्या तोंडी तो शोभत नाही. मालकाचा प्रश्न निराळा असतो: आमच्या पैशाचे काय केले, आणि कोणत्या अधिकाराने केले?

ह्यासाठी फार मोठे कार्य करावे लागेल असे नाही. घटना मराठीत छापलेली सहज मिळते. ती प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक व्यापारी मंडळाच्या कचेरीत हिशेबाच्या वह्यांशेजारी असावी. २६ नोव्हेंबर रोजी उद्देशिका म्हणून झाल्यावर एखाद्या जाणत्या वकिलाने एकच कलम घ्यावे आणि ते आपल्या गावात कितपत पाळले जाते, ह्याचा हिशेब सर्वांसमक्ष मांडावा. एके वर्षी पंधरावे, एके वर्षी सतरावे, एके वर्षी तीनशे एकाहत्तरावे. खेड्यात ग्रामसभा आहे, शहरात नगरसेवक आहे. हा हिशेब तेथे विचारावा, आणि विचारताना आपल्याकडून चुकलेले खातेही लपवू नये. गावची विहीर आजही कोणास खरोखर खुली आहे काय, हा प्रश्न सरकारास विचारण्यापूर्वी स्वतःस विचारावा लागेल.

१८५३ साली कर्जापोटी गेलेला हा मुलूख २५ लाखांच्या मक्त्यात अडकला, आणि पुढे भांडत-झगडत, आपले प्रतिनिधी पाठवून, आपल्या मालकीच्या कागदावर येऊन पोहोचला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठावर पंजाबरावांचे नाव आहे, अमरावतीच्या विज्ञान महाविद्यालयावर बियाणींचे आहे. ती नावे वाचीत रोज शेकडो माणसे त्या रस्त्यांनी जातात. त्या दोघांनी ज्या कागदासाठी दिल्लीस तीन वर्षे खर्ची घातली, तो कागद एकदा उघडून वाचावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. मक्ता संपला आहे. आता शेत आपले आहे, आणि निंदणीही आपल्यालाच करावयाची आहे.